पितळी डब्यातली खिरापत

पाटावरच्या हत्तीभोवतीचा फेर संपला आणि दुर्गाबाई खुर्चीत टेकल्या. चाळीस वर्षे सोसायटीचा भोंडला त्याच मांडत होत्या. परंतु आरपार दाखवणारे सूक्ष्मलहरींचे चष्मे आल्यापासून झाकलेल्या डब्यातली खिरापत मुलींना बाहेरूनच दिसे, अगदी करंजीच्या मुरडीसकट. ओळखण्याजोगे काही उरत नसे. हातावर पडलेले खाऊन मुली पांगत. यंदाही तसेच झाले, तर हत्तीचा पाट कायमचा माळ्यावर टाकायचा, असे त्यांनी सुनेला बजावले होते.

त्यांच्या हुकमाप्रमाणे सून अवंतिकेने आज जुना पितळी डबा आणून ठेवला. धातूच्या आरपार त्या लहरी जात नसत.

"आजी, हा रिकामा आहे," अकरा वर्षांची शर्वाणी म्हणाली.

"कशावरून?"

"आत काहीच दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नसतं, हे कुणी शिकवलं तुला? चष्मा काढ आणि ओळख."

मुलींनी चष्मे काढले. न पाहता ओळखायचे कसे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले. अवंतिकेने निमूटपणे पाट उचलला.

तेवढ्यात खडखड ऐकू आली. शर्वाणी डबा कानाशी धरून हलवत होती.

"शंकरपाळे?"

"नाही."

"ए, मला दे! तुला काय कळतंय?" दुसरीने डबा ओढला. "आजी, गोड की तिखट?"

"तिखट," दुर्गाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "आणि अवंतिका, तो पाट ठेव खाली."