शकूरभाईंची पसंती

"आणि हे, चाचा? हे कसं वाटतं?"

डॉ. योगिनीने समोरच्या भिंतीपाशी चित्र उंच धरलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला नव्या काळ्या खुर्चीत शकूरभाई ऐटीत बसले होते. बुलढाण्यात फोटोंना फ्रेमा करण्यात चाळीस वर्षं गेली होती त्यांची. देवादिकांचे, नवरानवरीचे, पुढाऱ्याशेजारी उभं राहून काढलेले, गेलेल्या माणसांचे, सगळ्या तऱ्हेचे फोटो त्यांच्या हाताखालून गेले होते. पण डॉक्टरनं घरी ऑटो पाठवावा आणि 'माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात कोणती चित्रं लावायची ते तुम्हीच निवडा, मग फ्रेमा करा' म्हणावं, असा मान पहिल्यांदाच मिळाला होता.

अडचण एकच होती. चित्रं त्यांना दिसत नव्हती.

दोन वर्षांपासून नजरेपुढं धुकं साचलं होतं. काच ते बोटांनी मापून कापत, खिळा अंदाजानं ठोकत. फ्रेमवाल्यालाच दिसत नाही, हे एकदा बाजारात फुटलं की दुकानाला कुलूप, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. म्हणून बायकोला, ताहेरालासुद्धा, त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. तिनं दवाखान्याचं नाव काढलं की ते म्हणत, "माहे डोये घारीसारखे हायेत," आणि चालता चालता दाराच्या चौकटीला धडकत.

"केळीची बाग हाय," समोरचा हिरवा-पिवळा डाग पाहून ते आता म्हणाले. "लावा बिनधास्त. पेशंटले थंड वाटन."

"बरं," योगिनी म्हणाली आणि टेबलावरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं. पुढचं चित्र धरलं.

"बैलजोडी. काय अंगानं हायेत! पोळ्याचीच दिसते."

तिनं तेही लिहून घेतलं. आपला शब्द न् शब्द टिपून ठेवला जातोय हे पाहून शकूरभाईंना आणखी चेव आला.

"चाचा, आता एक डोळा झाकून बघा. फ्रेमची पट्टी सरळ आहे का ते तुम्ही असंच बघता ना?"

"हाव! बराबर वयखलं तुनं."

त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. बैलजोडी गेली. भिंत गेली, डॉक्टरही गेली. उरलं ते नुसतं दुधासारखं पांढरं. पण शकूरभाई मुरलेले दुकानदार होते, डगमगले नाहीत. मॉडर्न चित्र म्हणजे ज्यात काय आहे ते कोणालाच कळत नाही, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

"इकून पाह्यलं तर लय मॉडर्न हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

योगिनीला एकदम खोकला आला. तो आवरून तिनं शेवटची फ्रेम उचलली. "बरं, दोन्ही डोळ्यांनी बघा. ही माझ्या टेबलामागं लावायची आहे. नीट बघून सांगा."

शकूरभाईंनी मान इकडं वाकडी केली, तिकडं वाकडी केली. खूप वेळ घेतला. मोठ्या गिऱ्हाइकाला घाईनं उत्तर द्यायचं नसतं.

"बर्फाचा पहाड," ते म्हणाले. "हेच लाव, बेटा. दिलाले ठंडक देते. काढणाऱ्याच्या हातात जादू हाय."

योगिनीनं फ्रेम खाली ठेवली आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"चाचा, या फ्रेममध्ये चित्रच नाही. मागचा कोरा पुठ्ठा आहे. केळीची बाग म्हणालात तो पोपट होता. आणि बैलजोडी म्हणालात त्या फुगडी खेळणाऱ्या दोन बायका आहेत." तिनं त्यांचा हात हातात घेतला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डावा तर पार पिकलाय. सोमवारी तो आधी करून टाकू."

शकूरभाई ताडकन उठले. "मी फोटो पसंत कराले आलो, डोये दाखवाले नाई! अन् हे इतक्या वेळचं काय लिवून राह्यली तू?"

"तुमचा केसपेपर."

"माहा नंबर कोनं लावला?"

"म्या," पडद्यामागून आवाज आला. ताहेरा पुढं आली. "सरळ म्हटलं असतं तर आले असते काय तुम्ही?"

"काऊन पन? माह्या कामात एक चूक दाखव! एक!"

"देऊळघाटचे कारभारीभाऊ," ताहेरा म्हणाली. "त्याइच्या सत्काराचा फोटो होता. धडधाकट, जिता मानूस. तुम्ही खाली 'स्वर्गवासी' चिटकवलं, वरून चंदनाचा हार घातला."

शकूरभाईंचा आवाज जरा उतरला. पण हार मानली नाही.

"दुसऱ्याच्या फोटोची पट्टी याले लागली असन. होते कधी कधी. अन् न्याले आला तो मानूस तर काहीच बोलला नाई! फोटोकडं पाहून पुतळ्यावानी उभा राह्यला. मलेच वाईट वाटलं. म्या त्याले बसवलं, चहा पाजला, खांद्यावर हात ठेवून म्हटलं, हिंमत ठेवा भाऊ, लय भला मानूस होता."

"ते कारभारीभाऊच होते."

योगिनीनं हातातला कागद तोंडापुढं धरला होता, आणि तो कागद हलत होता. शकूरभाई सावकाश परत खुर्चीत बसले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "सोमवार लय लांब हाय. उद्या नाई जमनार?"