परड्यातला अक्रोड

शेहमुसनं धक्का दिला तशी आई दगडावर आपटली. कपाळ फुटलं तरी ती परड्यातल्या अक्रोडाचं खोड सोडीना. “मुळाशी कुदळ घालू नकोस रे!” “गावातल्या आर्मेनियनांनी पळताना पुरलेलं सोनं आहे इथं. तुझ्या बापाचं काय जातंय?” त्यानं तिला फरफटत बाजूला काढलं, त्याच झाडाचा अक्रोड तोंडात टाकला आणि त्वेषानं कुदळ हाणली. मडकं फुटल्यासारखा आवाज झाला. हरखून त्यानं हात घातला. वर आली ती लहान पोराची कवटी, कुदळीनं दुभंगलेली. आईनं डोळ्यांत उतरलेलं रक्त पुसलं. “पळायला मिळालंच नाही कुणाला. माझ्या आईचा भाऊ आहे हा. तुर्की सुलतानाच्या शिपायांनी गाव कापलं तेव्हा एकटी वाचलेल्या तिनंच पुरला, वर झाड लावलं. जन्मात त्याचा अक्रोड चाखला नाही तिनं.” “आजी आर्मेनियन?” “मग तू कोण?” शेहमुसला तोंडातला अक्रोड गिळवेना, थुंकवेना.