सिग्नलच्या खांबापाशी

रुळांकडेला चोरून कचरा टाकणाऱ्यांचा माग काढण्यात तपासनिसाचा हात धरणारा कोणी नव्हता. पिशवी उपसायची, पत्ता असलेला एखादा कागद शोधायचा आणि दंडाची नोटीस थेट घरी धाडायची. ‘लोक लाज टाकतात, पण नाव फाडून टाकायला विसरतात,’ असं तो म्हणायचा.

त्या दुपारी सिग्नलच्या खांबापाशी एकच काळी पिशवी पडली होती. त्यानं गाठ सोडली. वरच टपालाचं पाकीट होतं आणि त्यावर पत्ता त्याच्याच घराचा.

“आता नोटीस कुणाला धाडायची, साहेब?” सोबतचा ट्रॅकमन खो खो हसला.

तपासनिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला.

पिशवीच्या तळाशी रिंग वाजू लागली.

ट्रॅकमनचं हसू जागच्या जागी विरलं. रिंग थांबली आणि तपासनिसाच्या कानात बायकोचा आवाज आला, “हं, बोला.”

“तू... तू कुठे आहेस?”

“कुठे म्हणजे? घरातच. भांडी घासतेय.”

पिशवीतून भांड्यांचा आवाज येत होता. अगदी बारीक, खूप खोलवरून आल्यासारखा.

काही सुचेना, तेव्हा त्यानं फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला, पिशवीचं तोंड आवळलं आणि करकचून गाठ मारली. आवाज बंद झाला. ट्रॅकमननं सुटकेचा निःश्वास टाकला.

“अहो,” फोनवर बायको म्हणाली, “भर दुपारी इथं एकदम अंधार कसा झाला?”