मिठाचे डाग

तेराव्याची माणसं जेवून आपापल्या वाटेला लागली, तशी अंजू सासूची भांडी घेऊन बोअरच्या नळाशी बसली. उद्या सकाळी मुकादमाची गाडी येणार होती. पुन्हा कर्नाटकात, ऊसतोडीच्या फडावर जायचं होतं. म्हातारीची भांडी तशीच डागाळलेली टाकून जाणं तिला बरं वाटेना.

भांडी म्हणजे तरी काय, एक तांब्या, एक पातेलं आणि एक खोलगट ताटली. तांब्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, तो चिंचेनं निघाला. पातेल्याचं काळं बूड राखेनं निघालं. ताटली मात्र हटून बसली. तिच्या तळाला मोहरीएवढे तांबूस ठिपके होते. चिंच झाली, राख झाली, तारेच्या घासणीनं मनगट दुखेस्तोवर घासून झालं. तांबूसपणा गेला, पण ठिपक्यांच्या जागी बारीक खड्डे राहिले. त्यांवरून अंगठा फिरवता फिरवता अंजूचा हात थांबला.

हे डाग तिच्या ओळखीचे होते. फडावरच्या पाचटाच्या कोपीत भाजीपाला संपला की तीही मिठाच्या पाण्यात भाकरी कुस्करायची. तसलं पाणी रात्रभर भांड्यात राहिलं की स्टीलला असेच खड्डे पडायचे आणि मग ते कशानंच जात नसत. पण तिच्या भांड्याला असे दोन-चार होते. इथं तळाची पार चाळण झाली होती. रोज कालवण पडणाऱ्या ताटलीच्या कडेला तेलाचा चिकटा धरतो, बोटाला कळतो. या ताटलीला तेल लागलंच नव्हतं. दिवाळीपासून म्हातारी शिळे तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून बोळक्या तोंडानं चघळत होती.

दिवाळीला निघताना ज्वारीची दोन पोती तिनं शेजारी धाकट्या जावेच्या, बबिताच्या घरात टाकली होती. म्हातारीला दोन्ही वेळचं ताट बबितानं द्यायचं, असं ठरलं होतं. फडावरून फोन केला की सासू चंद्रभागाबाई म्हणायची, लई बरं चाललंय, तुमी तिकडं जिवाला जपा. फोन बबिताचा असायचा आणि तो म्हातारीच्या कानाला लावून बबिताच उभी असायची, हे अंजूला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिला हायसं वाटायचं. आता त्या हायसं वाटण्याचीच तिला शिसारी आली.

आणि उद्यापासून स्वप्नाली त्याच घरात राहणार होती. अंजूची ही पोर आजवर आईबापाबरोबर फडाफडानं हिंडली, कानडीत मोळ्या मोजायला शिकली आणि वर्गात मात्र पावसाळ्यापुरतीच बसली. या खेपेला गुरुजींनी आग्रह धरला होता, की तिला चुलतीजवळ ठेवा, पोरगी हुशार हाय. चार दिवस ती शाळेत गेली काय आणि मोठ्यानं धडे वाचून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं.

बबिता उष्ट्या पत्रावळी काढून इकडेच आली. अंजूच्या हातातली ताटली पाहून म्हणाली, "ती द्या टाकून आक्का. लई जुनी हाय."

अंजूनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. बबिताच्या डोळ्यांत ना भीती होती, ना लाज. काही तरी दिसलं असतं, तर अंजूला भांडता तरी आलं असतं.

"आन स्वप्नालीचा घोर करू नका," बबिता मायेनं बोलली. "आत्याबाईला जसं बघितलं, तसंच हिला बघीन."

ती निघून गेली आणि आसाराम आला. अंजूचा नवरा. लेकीनं केलं नसतं एवढं माझ्या भावजयीनं आईचं केलं, असं आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगून तेरा दिवसांत त्याचा गळा बसला होता.

"एका ताटलीला किती घासती?" तो म्हणाला. "चकचकीत निघालीय की."

अंजूच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण आसारामचा राग तिनं बघितलेला होता. उद्यासाठी धार लावलेले कोयते दाराशीच पडले होते आणि भावाचं घर दहा पावलांवर होतं. तिनं ताटली पालथी घातली.

"पोरीला उद्या संगं न्यायची," ती म्हणाली.

"आन शाळा?"

"शाळा न्हाई."

"कावून पर?"

"मला करमायचं न्हाई तिच्याबिगर."

आसाराम बोलायला लागला तो थांबेचना. आपलं कोयत्यानं वाटोळं झालं ते झालं, आता पोरीच्या हातात पण कोयताच द्यायचा का, एवढी आपमतलबी आई त्यानं कुठं बघितली नव्हती. त्याच्या सगळ्या बोलण्यात एक शब्दही खोटा नव्हता. अंजूनं ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

स्वप्नाली दारात कधी येऊन उभी राहिली, ते कुणाला कळलं नाही. मला काकूजवळच राहायचंय, म्हणून तिनं हंबरडा फोडला. तू माझी आई न्हाईस, असंही म्हणाली.

अंजू उठली. तेराव्याचा उरलेला भात आणि वरण तिनं ताटात वाढलं, वरून तेलाची धार सोडली आणि ताट पोरीपुढं ठेवलं.

"आदी जेव," ती म्हणाली. "मग काय रडायचं ते रड."

स्वप्नालीनं ताट ढकलून दिलं. अंजूनं ते पुन्हा तिच्यापुढं ओढलं.