वाट बघणारीचा बाक

रंगारी शिडीवरून उतरला, दोन पावलं मागे सरकला आणि स्वतःच्याच अक्षरावर खूश झाला. पुलाच्या तोंडाशी, जुन्या दगडी बाकाशेजारी नवी पाटी उभी होती : 'वाट बघणारीचा बाक'. खाली बारीक अक्षरांत चार ओळी. शेवटी 'आधार' एवढाच शब्द आणि पुढे कोरी जागा.

"ती जागा तुमच्यासाठी ठेवलीय, सर," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

त्यांच्या आधीचे, निवृत्त ग्रंथपाल चष्मा पुसत उभे होते. गाव त्यांना पुरावाकाका म्हणायचं. कुणी 'आज ऊन फार आहे' म्हणालं तरी हे पुरावा मागतील, अशी ख्याती. पस्तीस वर्षं त्यांनी वाचनालय सांभाळलं आणि उरलेल्या वेळात गावाचा इतिहास लिहिला. एकच पुस्तक, चारशे बारा तळटिपा. गावाने ते कौतुकाने समारंभात उघडलं आणि लगेच मिटलं. निम्म्या प्रती अजून घरी पलंगाखाली होत्या. त्या पलंगावर आता ते एकटेच झोपत.

"मी सगळं वाचलं, तळटिपांसकट," बाई सांगत होत्या. "हे नाव अठ्ठ्याऐंशीव्या टिपेत सापडलं. नगरपालिकेत वाचून दाखवलं, तर सगळ्यांनी उचलूनच धरलं."

ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. आणि त्या माणसाने चारशे बारांतून नेमकी तीच टीप उचलावी!

"अडचण एकच आहे," बाई जरा चाचरल्या. "बाकी प्रत्येक टिपेला तुम्ही आधार दिलाय. हिलाच नाही. 'जुने लोक या बाकाला असे म्हणतात', एवढंच. कोण जुने लोक, कुठली नोंद? पुरावा नाही तर ओळ नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. आधार नसेल तर नाव पुसावं लागेल."

"पुसताय काय, बाई!" रंगारी कळवळला. "दोन हात मारलेत रंगाचे. सकाळपासून चार माणसं थांबून वाचून गेली."

कुठलं तरी जुनं कागदपत्र सांगून मोकळं होता आलं असतं. काका म्हणतील ती पूर्व दिशा, कुणी तपासायला जाणार नव्हतं. नाव राहिलं असतं. काकांनी एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा पाटीकडे.

"जुने लोक कुणी नव्हते," ते म्हणाले. "एकच बाई होती. आमची ही."

रंगाऱ्याने ब्रश डब्यात ठेवला.

"पुलाखालच्या शिलालेखाचा ठसा घ्यायला मी सुट्टीच्या दिवशी यायचो. तीही यायची. खाली उतरायला तिचे गुडघे नाही म्हणायचे. मग मी म्हणायचो, तू इथे बस, आलोच. माझं आलोच म्हणजे तीन-तीन तास. एकदा वैतागून म्हणाली, या बाकाला आता वाट बघणारीचा बाक म्हणा. मी म्हटलं, वाट कसली, समोर दिसतोय ना मी तुला? गप्प बसली. घरी जाऊन मी ती टीप लिहिली. गंमत म्हणून. छापलेलं पुस्तक तिने उघडलंच नाही, आणि मीही दाखवायचं उद्यावर ढकलत राहिलो. आता तीन वर्षं झाली तिला जाऊन."



"तोंडी माहिती घेताना तुमचा एक प्रश्न ठरलेला असायचा, सर," बाई हळूच म्हणाल्या. "सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिलेलं आहे का?"

"पाहिलेलं?" काका म्हणाले. "तिने भोगलेलं."

"मग पुरावा आहे." बाई रंगाऱ्याकडे वळल्या. "लिहा. आधार, तोंडी माहिती."

"आणि वरच्या ओळीतलं ते 'जुने लोक' खोडा," काका म्हणाले. "तिथे 'एक बाई' करा. चुकीचं नको."

"तुम्ही काही सुधारणार नाही, काका," रंगारी पुटपुटला आणि पुन्हा शिडी चढला. बाई घड्याळ बघत वाचनालय उघडायला गेल्या.

"बसा की, बाक कोरडा आहे," वरून रंगारी म्हणाला.

बाकाची लांबी सहा फूट दोन इंच, उंची सतरा इंच. हे पुस्तकात होतं, काकांनी स्वतः टेप लावून मोजलेलं. बसले मात्र ते आज पहिल्यांदा. दगड गार होता. त्यांनी पुलाच्या कमानीकडे मान वळवली. मग ते बाकाच्या डाव्या टोकाला सरकले. मग उजव्या. मग अर्धवट उठून, पुन्हा बसून, मान लांब करून पाहिलं. कठड्याची भिंत मध्ये येत होती. कमान नाही, शिलालेख नाही. भिंत, आणि तिच्या कडेने गावाकडे जाणारा रिकामा रस्ता.

"काय शोधताय, काका?"

"इथून मी दिसत नव्हतो," पुरावाकाका म्हणाले.