थेंबातलं वेगळं बिऱ्हाड

"निनाद, आईंचा थेंब आपल्याच मागे लागलाय!" वैदेही नवऱ्यावर ओरडली.

तेलाच्या त्या समुद्रात माणसं पाण्याच्या थेंबांत घरं करून राहत. पुढचा थेंब तेल सारत जाई, त्या आयत्या वाटेने मागचा भरभर येऊन चिकटे आणि दोन बिऱ्हाडांचं एक होई. वैदेहीने तर आत्ता कुठे वेगळी चूल मांडली होती! तिने घाईघाईने भिंतीला साबण चोपडला. साबण असला की थेंब मिसळत नाहीत.

सासूबाईंचं घर येऊन टेकलं, पण मिसळलं नाही. वैदेहीने हुश्श केलं.

पलीकडून सासूबाई खुशीत म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, मी कालच साबण लावून ठेवलाय!"

"बघितलंस, निनाद?" वैदेही फणकारली. "इतके नकोसे झालोय आपण यांना!"