पर्जन्यवृक्षाचं टेबल

दादरच्या एका सोसायटीने पार्किंगसाठी गेटजवळच्या दोन हिरव्यागार पर्जन्यवृक्षांपैकी एक पाडला. दोन्ही झाडं मेली आहेत, असं पालिकेच्या अर्जात लिहून देणारा सेक्रेटरी होता उन्मेष.

त्याच लाकडाचं त्याने घरी जेवणाचं टेबल करून घेतलं. सुताराने फळ्यांमधून गणपतीच्या रोषणाईचे जुने खिळे खणून काढले. झाड वाढता वाढता त्यांना पोटात घेत गेलं होतं.

आठवड्याभरात टेबलावर विसरलेला चमचा अर्धा लाकडात गेलेला दिसला. त्याच्या कडेने कोवळी साल आली होती. मग एक वाटी गेली.

"मेलेलं ना हे?" त्याची बायको मीनाक्षी म्हणाली. "अर्ज मागे घे. उद्या दुसरं कापतील."

"एका चमच्यासाठी सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर ठेवू?"

"बगळ्यांची पिल्लं होती रे त्याच्यावर. लाज नाही वाटली खोटं लिहिताना?"

"तेही झाड मेलेलंच आहे!" उन्मेष ओरडला आणि त्याने टेबलावर पंजा आपटला.

मीनाक्षीने त्याचा मोबाइल त्याच्यापुढे सरकवला.

"हात काढ तिथून आणि पालिकेत फोन कर."

"काढतोच आहे," दुसऱ्या हाताने मनगट ओढत उन्मेष म्हणाला.